पडद्यावरचं बावखल

"या, पाणी बघायला या!" असं म्हणतच ते आमच्या सायबर कॅफेत शिरायचे. झेरॉक्स काढायला आलेल्या माणसालाही दंडाला धरून कॉम्प्युटरपुढे उभं करायचे. मी पडले तोंडाची फटकळ. म्हणायचे, "काका, माझी गिऱ्हाइकं पळवू नका हं." ते हसायचे आणि खुर्ची ओढून बसायचे.

काका वसईजवळच्या उमेळ्याचे, जुन्या वाडीवाल्या घरातले. घरी त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. मुंबईच्या एका कंपनीत नकाशे काढण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, हे इंटरनेटवरच्या आभासी दुनियेला लागले. तिथे प्रत्येकाचा एक बाहुला असतो. तो चालतो, बोलतो, जागा घेऊन घर बांधतो. बाकीच्यांनी तिथे बंगले आणि डान्स बार बांधले, काकांनी बावखल बांधलं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, हे वसईकरांना सांगायला नको. काकांचं हुबेहूब त्यांच्या घरामागचंच होतं, दगडी पायऱ्यांसकट. फक्त खऱ्यात कचरा साठलेला, आणि इथे घराघरांचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून आत येत होतं, रहाट सूर्याच्या विजेवर फिरत होता. रविवारी सकाळी ब्राझील, हॉलंड, कुठून कुठून पाण्यावर काम करणारी माणसं तिथे काठावर जमायची. एकदा पंखवाला बाहुला उतरला. मी विचारलं, "हा कोण, देवदूत?"

"छे गं, गटारांचा इंजिनिअर आहे. फार हुशार!"

मध्येच आमच्याकडची लाइट जायची आणि सगळी सभा गडप व्हायची. काका अंधारात म्हणायचे, "थांबतील ते."

हा नुसता छंद नव्हता. वाडी तिघा भावांची, आणि थोरल्याने बावखल बुजवून जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. आपलं डबकं पुन्हा असं होऊ शकतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भाऊ विरघळतील, अशी काकांची भाबडी आशा.

एका रविवारी दोघा भावांना घेऊन आले. थोरले चष्मा पुसून पुसून बघत होते. "अरे, ही तर आईची कपडे धुवायची पायरी!" त्यांनी पडद्यावरच्या पायरीला बोट लावलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. जिंकलेच होते ते.

मग थोरल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "झालं तर मग! हे तुझ्या वाटणीला. तुझं तुझ्याकडे राहिलं, ते डासांचं डबकं आता आम्हाला मोकळं करू दे."

धाकट्यानेही मान डोलावली. थट्टा नव्हती हो, अगदी मनापासून वाटणी केली त्यांनी! थोरल्यापुढे बोलायची त्या घरात रीतच नव्हती. मला थोरल्याचा राग आहेच, पण काकांचा जास्त आहे. मेलं, एकदा तरी ओरडायचं! त्यांनी बिल्डरच्या कागदावर सही दिली.

डंपर आले, भराव पडला. पुढच्या रविवारी काका आले ते मुकाट्याने. मंडळी काठावर जमलीच होती. खऱ्या बावखलाचं काय झालं, असं पंखवाल्याने विचारलं. पायऱ्यांपासून सुरुवात करून काका पडद्यावरच्या पाण्यात माती टाकत गेले. कर्दळ गेली, रहाट गेला. सगळं सपाट झाल्यावर त्यांनी दोन बोटांनी इंग्रजीत लिहिलं, "आज आमच्याकडे असं आहे."

कॉम्प्युटर बंद न करताच ते उठून गेले, ते परत कधी आले नाहीत. बराच वेळ कुणी कळ दाबली नाही की तिथले बाहुले मान खाली टाकतात. काकांचा बाहुला भरावावर तसा उभा होता, आणि ती परदेशी माणसं त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, "तुम्ही आहात ना?"