डॅशबोर्डावरचा पेला

तातेराव मिस्त्रीला राग यायला कारण लागत नसे. पण त्या एप्रिलमध्ये कारण होतं, आणि ते चांगलं काठोकाठ भरलेलं होतं.

जालन्यात भोकरदन नाक्याजवळ त्याचं गॅरेज. मूळचा तो कुंभार पिंपळगावचा. पंधराव्या वर्षी धरणाच्या कामावर गेला, तिथल्या राक्षसी डंपरांखाली वीस वर्षं आडवा पडला आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायला शिकला. पायाखाली क्लच नाही, हाताने गिअर टाकायची भानगड नाही, आत तेलाच्या दाबावर सगळं आपोआप चालतं. असली पेटी दिसली की बाकीचे मेकॅनिक हात वर करायचे आणि गाडी तातेरावकडे यायची. गिऱ्हाइकाने मध्ये तोंड घातलं तर हा पाना आपटून म्हणायचा, "मंग तुम्हीच खोला!" निम्मी गिऱ्हाइकं त्याने अशीच पळवून लावली. बायको केशरबाई म्हणायची, "तुम्हाला लोखंडाशीच बोलता येतं बघा."

नवलकिशोर शेठ मोंढ्यातले बियाण्याचे व्यापारी. लिलावात त्यांनी आग विझवायची एक जुनी गाडी घेतली आणि तिचा पाण्याचा टँकर केला. उन्हाळाभर ती टेंभुर्णीच्या पुढे वरच्या वाडीला पाणी न्यायची. वाडीच्या आधी अर्ध्या मैलाचा उभा चढ आणि पाठीवर बारा हजार लिटर पाणी. गाडी ऑटोमॅटिक होती आणि गिअर इतका अलगद बदलायची की बसणाऱ्याला पत्ताच लागू नये. शेठला त्याचं भारी कौतुक.

तो अलगदपणाच दुखणं होता. गिअर बदलताना आतल्या प्लेटांनी एकमेकींना पटकन धरायला हवं. या बाया आरामात, लाजत लाजत धरायच्या. तोवर घसरायच्या, तापायच्या, जळायच्या. ड्रायव्हर संघपालने गाडी आणली तेव्हा गिअरबॉक्सचं तेल काळंकुट्ट झालेलं आणि त्याला करपलेला वास येत होता.

तातेराव चार दिवस गाडीखालून निघाला नाही. प्लेटा नव्या टाकल्या. आत कडक स्प्रिंगा बसवल्या, तेलाची भोकं मोठी करून दाब वाढवला. आता गिअर बदलला की गाडी 'ठक्' करून अंगाला एक धक्का द्यायची आणि ओढायला लागायची. संघपाल भरला टँकर वाडीवर खाली करून आला आणि गाडीतून उतरायच्या आधीच ओरडला, "मामा, काय वढून राह्यली! चढावर कधीच अशी पकड न्हाई घेतली तिनं."

तातेराव त्या दिवशी हसला. वर्षातून दोनदा हसायचा, त्यातलं एक.

दुसऱ्या दिवशी शेठ आले, हातात स्टीलचा पेला घेऊन. ही त्यांच्या घराण्याची रीत. वडिलांच्या काळापासून गाडी असो की ड्रायव्हर, पारख एकच: डॅशबोर्डावर भरला पेला ठेवायचा आणि एक चक्कर मारायची. पाणी सांडलं की माल नापास. कुणी ती खोटी पाडून दाखवली नाही म्हणून ही पारख दोन पिढ्या चालली.

नाक्यावरून वळून येईपर्यंत पेला शेठच्या मांडीवर होता आणि धोतर भिजलं होतं.

"तातेराव, झटका आहे. पूर्वी बिलकुल नव्हता."

"झटका न्हाई शेठ, पकड हाय ती. मऊ होती म्हणून तर जळाली."

"पण पाणी सांडलं ना?"

"पाणी टाकीत न्यायचंय का पेल्यात?"

मागे उभा असलेला संघपाल खुदकन हसला आणि शेठचा चेहरा उतरला. आवाज न चढवता ते म्हणाले, "तुमचा हात राहिला नाही आता. पहिल्यासारखी करून द्या, नाहीतर मी दुसरीकडे नेतो."

हात राहिला नाही! चाळीस वर्षांच्या हाताला, एका पेल्यापायी! तातेरावच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. खरं तर तेव्हा त्याने गाडीची चावी फेकून द्यायला हवी होती. पण दुसऱ्या कुणी आपली पेटी खोलावी हेही त्याला सोसणार नव्हतं.

"घ्या! लोण्यासारखी करून देतो. मंग बोंबलत येऊ नका माझ्याकडं."

त्याने त्याच दिवशी पेटी उतरवली. कडक स्प्रिंगा काढल्या, जुन्या मऊ बसवल्या, दाब होता तिथे आणला. संघपाल बाजूला उकिडवा बसला होता. दोनदा म्हणाला, "मामा, राहू द्या ना. मला त्या चढावरून जायचंय, शेठला न्हाई."

"तुझ्या शेठला सांग!" तातेराव गाडीखालून खेकसला.

शेठचा पेला काठोकाठ राहिला. शेठ खूश. तातेरावने काढलेल्या स्प्रिंगा फडक्यात बांधून फळीवर ठेवल्या. केव्हातरी याच्या तोंडावर मारीन म्हणून ठेवल्या.

तो दिवस नवव्या दिवशी आला. वाडीच्या चढावर, मधोमध, प्लेटा घसरल्या. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं आणि गाडी थांबली, मग मागे यायला लागली. ब्रेकला तेवढा भार पेलवेना. खाली रस्त्यावर हंडे घेऊन बाया उभ्या होत्या. संघपालने उडी मारली नाही. स्टेअरिंग पिळून त्याने गाडी खडकावर घातली. बाया वाचल्या. केबिन चेपली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

फोन आला तसा तातेरावने फळीवरचं फडकं उचललं आणि स्प्रिंगा मुठीत धरून दवाखाना गाठला. रस्ताभर त्याने शिव्या जुळवल्या. शेठ कॉटशेजारी स्टुलावर मान घालून बसले होते. तातेराव दारातूनच सुटला.

"पेला आणलाय का, शेठ? ठेवा ना त्याच्या पायावर! बघा सांडतोय का! म्हणे झटका! लाज वाटते का, लाज?"

नर्स धावत आली. शेठने वर पाहिलंच नाही. डोळे पुसत राहिले.

"मामा," कॉटवरून संघपाल म्हणाला. आवाज बारीक होता, पण राग त्यातही होता. "त्यांच्यावर कामून वरडून राह्यले? त्यांना गिअरबॉक्समधलं काय कळतं? तुम्हाला तर ठाऊक व्हतं. तरी काढल्या तुम्ही."

तातेरावने स्प्रिंगांची मूठ खिशात घातली आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशरबाई गॅरेजमध्ये डबा घेऊन आली. ओढून आणलेला टँकर दारात उभा होता आणि तातेराव त्याच्याखाली होता. नुसती पान्याची खटखट ऐकू येत होती. ती खाली वाकली, तर त्याच्या हाताशी त्याच कडक स्प्रिंगा होत्या.

"शेठनं सांगितलं का कडक करायला?"

"न्हाई."

"मंग?"

खटखट थांबली.

"मला ठाऊक व्हतं, केशर," तो म्हणाला. "मी त्या पोराला मुद्दाम वर धाडलं."