उचगावच्या गुंडू मिस्त्रीला वर्नर का खुपला

गुंडू मिस्त्रीला जर्मनीत काय काय आवडलं नाही, ते उचगावात कुणालाही विचारा, घडाघडा सांगतील. तिथला ब्रेड आवडला नाही, चावता चावता जबडा दुखतो. रविवारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी, शेजारी येऊन दम देतात. कुणाच्या घरी जायचं तर आठ दिवस आधी विचारायचं, आणि गेल्यावर केकचा एकच तुकडा. दुसरा घ्या म्हणून आग्रह नाही की बिग्रह नाही. हे सगळं त्यानं कट्ट्यावर बसून दहा वेळा सांगितलंय. पण ज्यानं तीन महिने त्याच्या पोटात खरं दुखत होतं, ते त्यानं एकदाही सांगितलं नाही. ते एक माणूस होतं. वर्नर.

गुंडू चौगले हा मोल्डर. पस्तीस वर्षं फौंड्रीत साचे भरले. मूठभर वाळू हातात दाबायची, मूठ उघडायची आणि पाणी कमी की जास्त ते सांगायचं, तेही यंत्राच्या आधी. त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आज मोठमोठ्या कारखान्यांत सुपरवायझर आहेत, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. हाताला असा गुण, पण तोंडात मात्र कायम मिठाची गुळणी. त्यातून समोर पोरगा असला तर मग बघायलाच नको.

पोरगा एकच, यशराज. त्या घरात बाप-लेकांनी एकमेकांशी थेट बोलायची रीतच नव्हती. पोराला सायकल पाहिजे असली की, "आई, आप्पास्नी सांग." आप्पा तिथंच चार हातांवर सोप्यात बसलेले. ते म्हणणार, "सांग त्येला, दहावी होऊ दे." मध्ये बिचारी अक्काताई, पोस्टमनगिरी करत. आणि हे काय एकट्या चौगल्यांचं नव्हतं. सगळ्या गल्लीत असंच. बाप पुढच्या दारात बसला की पोरगा मागच्या दारानं घरात शिरायचा. ह्याला मान म्हणायचे. गुंडूलाही तो मानच वाटायचा, विमानात बसेपर्यंत.

यशराज मेकॅनिकलला गेला, जर्मनीत स्टुटगार्टजवळ गाड्यांचे पार्ट करणाऱ्या एका कंपनीत लागला, पूर्णिमाशी लग्न झालं, आणि परवाच्या उन्हाळ्यात त्यानं आई-बापांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. निघायच्या आधी त्यानं आईला फोनवर सांगितलं होतं, आप्पास्नी म्हणावं, एका मित्रासाठी कोल्हापुरी चप्पल आणा, नंबर मोठा आहे. गुंडूनं ती मुद्दाम बनवून घेतली. महिनाभर रोज तेल पाजून मऊ केली. पोराचा मित्र म्हणजे असेल पोराच्याच वयाचा कुणी, असं धरून चालला होता.

तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यशराज फाटकातनंच ओरडला, "वर्नर!" आणि शेजारच्या गॅरेजातनं सत्तरीचा एक म्हातारा हात पुसत बाहेर आला. नुसतं वर्नर! काका नाही, मामा नाही, साहेब नाही. बापाच्या वयाच्या माणसाला नावानं हाक? आणि त्या म्हाताऱ्यालाही काही वाटू नये? उलट तो हसत आला आणि त्यानं यशराजला मिठी मारली. चांगली घट्ट. पाठीवर दोन थापा. गुंडू बघत राहिला. विमानतळावर ह्याच पोरानं बापाच्या पायाला हात लावला न लावला असा वाकून नमस्कार केला होता, आणि लगेच बॅगा उचलायला पळाला होता.

चप्पल वर्नरच्या पायात गेली. तीही मोज्यावर.

"आगं, मोज्यावर घातली त्यानं," गुंडू अक्काताईला म्हणाला.

"घालू द्या की. थंडी वाजत असंल."

"जून महिना चाललाय!"

झालं, तेव्हापासनं डोक्यात किडा शिरला. वर्नर पोस्टातनं रिटायर झालेला, गॅरेजात जुन्या सायकली दुरुस्त करत बसायचा. यशराज संध्याकाळी आला की बॅग ठेवून आधी तिकडं. दोघं हातात बाटल्या घेऊन चाकाच्या तारा ओढायचे आणि खदाखदा हसायचे. बियर! आख्ख्या उचगावात पोरगं बापाच्या वयाच्या माणसापुढं बाटली धरत नाही, वास आला तरी चुलत्याची नजर चुकवतं. आणि हे इथं बाटलीला बाटली लावतंय! गुंडू खिडकीच्या पडद्याआडनं बघायचा. पोरगा एवढं मोठ्यानं हसतो, हे त्याला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

"इचार गं त्येला, कशाला हसत होता," तो अक्काताईला म्हणायचा.

अक्काताई विचारायची. यशराज म्हणायचा, "काय न्हाय गं आई, सांगून कळायचं न्हाय." आणि गुंडूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. न कळायला काय झालं? पस्तीस वर्षं बाराशे-तेराशे डिग्रीचं लोखंड कळत होतं!

वर्नरला कुणी नसेल, पोरं टाकून गेली असतील, म्हणून आपल्या पोराला धरून बसलाय, अशी गुंडूनं मनाची समजूत काढून बघितली. परदेशात म्हाताऱ्यांचं असंच असतं, हे त्यानं ऐकलेलं. रविवार उजाडला तर वर्नरच्या दोन मुली, जावई, नातवंडं, सगळे केक घेऊन हजर! दर रविवारी! म्हणजे कीव करायचीही सोय ठेवली नव्हती मेल्यानं. आपल्या घरचं भरून वाहतंय, वर दुसऱ्याचं एकुलतं एक पोरगं पाहिजे. गुंडूनं त्या दिवशी जेवताना भाकरी अर्धी ठेवली आणि पूर्णिमाला वाटलं, पीठ चांगलं नाही.

पाचव्या आठवड्यात एका सोमवारी यशराज रोजच्यासारखा बॅग घेऊन आठाला बाहेर पडला. गुंडूही दहाएक मिनिटांनी पाय मोकळे करायला निघाला. मागच्या गल्लीतनं वळसा घालून आला तर वर्नरच्या गॅरेजचं मागचं दार उघडं होतं. आत यशराज. बॅग खिळ्याला अडकवलेली, समोर लॅपटॉप, आणि वर्नर त्याच्या कपात कॉफी ओततोय. ऑफिसला गेलेला पोरगा हा!

गुंडू तसाच घरी आला. अक्काताई कोथिंबीर निवडत होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "संध्याकाळी आला की इचार त्येला."

अक्काताईनं हातातली जुडी खाली ठेवली. "मी न्हाय इचारणार. तीस वर्षं तुमचं त्येला आन् त्येचं तुमास्नी सांगून माझं तोंड दुखलं. पोरगं तुमचंबी हाय न्हवं? इचारा की तुमीच."

"मी कसा इचारू?"

"तोंडानं," अक्काताई म्हणाली आणि परत कोथिंबीर निवडायला लागली.

दिवसभर गुंडू जळत राहिला. दुसऱ्या दिवशी यशराज गेल्यावर तोही उठला, टोपी घातली आणि सरळ गॅरेजच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिला. यशराज ताडकन उठला. वर्नरनं त्याच्या भाषेत रामराम केला आणि एक स्टूल पुढं सरकवलं. गुंडू बसला नाही.

"आप्पा," यशराज म्हणाला. "नोकरी गेलीय माझी. तुमी यायच्या आधी पंधरा दिवस. आख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. तुमची तिकिटं काढून झालती... इथं बसून दुसरीकडं अर्ज करतोय."

नोकरीचं गुंडूच्या कानात शिरलंच नाही. त्यानं वर्नरकडं बोट केलं. "ह्येला कवा सांगितलंस?"

यशराज खाली बघून म्हणाला, "त्याच दिवशी."

त्याच दिवशी! तळपायाची आग मस्तकात गेली. मला का नाही, एवढंच विचारायचं होतं. पण पोराच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय कुठली? तोंड उघडलं आणि मधल्या माणसाकडं वळलं. अक्काताई तिथं नव्हती. होता तो वर्नर.

"त्येला सांग," गुंडू म्हणाला, "हे पोरगं माझं हाय."

"आप्पा, असं कसं..."

"सांग म्हणतो न्हवं?"

यशराजनं जर्मनमध्ये सांगितलं. वर्नरनं मान डोलावली.

"सांग, विहिरीत पाठीला डबा बांधून ह्येला पवायला मी शिकवलं. त्यानं न्हाय."

यशराजनं तेही सांगितलं. वर्नर म्हणाला, छान. गुंडूचा राग आणखी चढला. छान काय छान?

"सांग, बारावीचा निकाल लागला तवा मी फौंड्रीत दोन किलो पेढं वाटलं. मालकाच्या केबिनमधी जाऊन दिलं. घरात आल्यावर नुसतं 'बरं झालं' म्हणालो."

त्यानं कसंबसं सांगितलं. वर्नर काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?"

"मला इचारतोय, हे तुला आजच कळलं का म्हणून."

"त्येला काय करायचंय!" गुंडू गरजला. मग मात्र त्या नको म्हटलेल्या स्टुलावर तो बसला. बोलायला लागला तेव्हाही वर्नरकडंच बघून बोलला. "त्येला सांग, दोन हजार नऊला फौंड्री बंद पडलती. दीड महिना. मी रोज डबा घेऊन सकाळी सातला सायकलीवर भाईर पडत हुतो. कळंब्याच्या तळ्यावर जाऊन बसायचो. तितंच डबा खायचो आन् पाळी सुटायच्या टायमाला घरला यायचो. कुणाला बोललो न्हाय. पोरगं दहावीला हुतं. त्येला कळलं असतं तर मला तोंड दाखवाय जागा राहिली नसती."

यशराजनं भाषांतर केलं नाही. तो टेबलाचा कोपरा धरून उभा होता. मग पुढं येऊन बापासमोर उकिडवा बसला.

"तळ्यावर कुठं बसायचा, आप्पा?"

"बांधावर. झाडाखाली."

"रोज?"

"रोज. पाऊस आला तर देवळात."

वर्नर कधी ह्याच्या, कधी त्याच्या तोंडाकडं बघत होता. त्याला काही कळेना. त्यानं यशराजच्या खांद्याला हात लावून विचारलं. काय विचारलं ते गुंडूला जर्मन येत नसूनही कळलं. यशराजनं डोळे पुसले आणि सांगायला म्हणून वर बघितलं.

"सांगू नगंस त्येला," गुंडू म्हणाला. "हे घरातलं हाय."