पुष्पाबाईंचे साठ मीटर

नाव : पुष्पाबाई सहदेव इंगळे. वय : आधार कार्डानुसार सत्तेचाळीस. राहणार : नवी वस्ती, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. प्रवर्ग : अकुशल मजूर (स्त्री). कामाचे स्वरूप : पाणी मारणे, घमेले वाहणे व वेळोवेळी सांगितले जाईल ते. तांत्रिक बाबींशी संबंध : नाही. कामाचे ठिकाण : फाटा ते नवी वस्ती जोडरस्ता, लांबी अडीच किलोमीटर. सदर रस्त्यावरील वाहतूक : नगण्य.

हे वर्णन हजेरीपटातून आणि रस्त्याच्या फायलीतून जुळवलेले आहे, त्यामुळे त्यात खोटे काही नाही. वाहतूक नगण्य होती हेही खरेच. रस्ता दर पावसाळ्यात नाहीसा होत असल्यामुळे वाहतुकीला तसा इलाज नव्हता.

अडचण मातीची होती, आणि ती अशी की माती फार चांगली होती. काळी, भारी, कमरेइतकी खोल. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की कोंबडीचे पिल्लू आत गेले तर हात घालून काढावे लागते. पावसात तीच माती फुगते आणि वर जे काही असेल ते उचलते. तिच्यावर आजवर तीन वेळा मुरूम टाकला गेला आणि तिन्ही वेळा तिने तो गिळला.

या खेपेला अविनाश नावाचा कनिष्ठ अभियंता आला. नाशिककडचा, नुकता लागलेला. त्याने चिमूटभर माती काचेच्या नळीत पाण्यात टाकून ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट झालेली सगळ्या गावाने येऊन पाहिली. मग त्याने फलकावर कागद लावला : 'नैसर्गिक मृदा निकृष्ट दर्जाची.'

रस्त्याच्या वळणाला लागून किसनरावांचे शेत आहे. किसनराव गावातले मोठे शेतकरी. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"एकरी चौदा क्विंटल कापूस देते हे जमीन," ते म्हणाले, "अन् तुम्ही तिले निकृष्ट म्हणता?"

"काका, कापसाला उत्तमच आहे. रस्त्याला नाही."

"मंग रस्त्यावर कापूस लावा."

अविनाशने कापूस लावला नाही, चुना मिसळायचे ठरवले. काळी माती उकरायची, तिच्यावर चुन्याची भुकटी पसरायची, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने कालवायची, पाणी मारून दिवसभर झाकून ठेवायची. चुना मातीतला चिकटपणा मारतो, तिचे फुगणे मोडतो. मग रोलर फिरवायचा आणि त्यावर खडी घालायची. हे त्याने बाया-माणसांना उभे करून नीट समजावले. बायांनी ऐकून घेतले आणि पदर तोंडाला बांधला.

पुष्पाबाईंना हातमोजे मिळाले होते, पुरुषी मापाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढून कमरेला खोचला. मोजा घातला की मातीचे काही कळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सकाळी कालच्या झाकलेल्या मातीतून मूठभर घ्यायची, लाडवासारखी दाबायची, कमरेइतक्या उंचीवरून सोडायची. लाडू भुगा होऊन पसरला आणि तळहात कोरडा राहिला, तर माती निवली. लाडू चपटा होऊन तिथेच बसला आणि हाताला काळे राहिले, तर नाही. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. आयुष्यभर घरे लिंपली, चुली घातल्या, त्यातून आलेले. मुकादम गोविंदा या प्रकाराला 'पुष्पाबाईची मिठाई' म्हणत असे.

पुष्पाबाईंना या रस्त्याची एवढी काळजी का, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होते. त्यांची मुलगी पायल चिखलीला विज्ञान शाखेत शिकते. मागच्या जुलैत सकाळची बस किसनरावांच्या वळणावर आसापर्यंत रुतली. दोन ट्रॅक्टर लावून ती बाहेर काढली आणि आगाराने फेरी बंद केली. पायल महिनाभर फाट्यापर्यंत चिखल तुडवत गेली, मग कधी गेली, कधी नाही. अकरावी कशीबशी निघाली. बारावीला हजेरी कमी भरली तर परीक्षेचा अर्जच घेणार नाही, असे कॉलेजने लिहून दिले होते. सहदेव, पायलचा बाप, कमी बोलणारा माणूस. त्याने एकदाच सांगितले होते :

"यंदा बस आली तर ठीक. नाईतर पोरीले देऊळगाव राजाले, माह्या बहिणीकडे."

सहदेवच्या बहिणीकडे तीन लहान पोरे आणि पडून असलेली सासू. तिथे पायलचा कोणता अभ्यास होईल, हे सहदेवलाही ठाऊक होते.

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला तेव्हा काम किसनरावांच्या वळणावर आले होते. दुपारी चुन्याची पोती फोडून साठ मीटर रस्ता पांढराफटक झाला आणि तेवढ्यात रोटाव्हेटरचा पट्टा तुटला. गोविंदा पट्टा आणायला चिखलीला गेला. बाया सावलीला बसल्या. रस्ता दीड तास तसाच पांढरा पडून राहिला.

आमच्याकडे रस्त्यावर चुना दिसला की त्याचा एकच अर्थ असतो : कुणीतरी मोठा माणूस येणार. पण कोण येणार हे कुणाला सांगता येईना, तेव्हा लोकांना दुसरी गोष्ट आठवली. जयंती चार दिवसांवर आली होती आणि विहाराला रंग द्यायचा राहिला होता. जमिनीवर पसरलेल्या चुन्याला मालक आहे असे कुणाला वाटले नाही. पोत्यात होता तोवर तो सरकारचा होता, रस्त्यावर आल्यावर गावाचा. आधी विहारासाठी चार घमेली गेली. विहाराला चुना मिळतो म्हटल्यावर मारुतीच्या देवळाला का नाही, म्हणून गावातून टोपल्या आल्या. मग घरोघरचे डबे निघाले. पुष्पाबाईंनी दोन घमेली विहारात पोचवली आणि अर्धे घरी नेले. स्वयंपाकघराची भिंत धुराने काळी झाली होती.

पट्टा आला. उरलेला चुना कालवला गेला. कालवल्यावर माती काळी ती काळीच दिसते, त्यामुळे कुणाला काही दिसले नाही. वस्ती मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लख्ख पांढरी झाली.

झाकण काढायच्या सकाळी पुष्पाबाईंनी मूठ भरली, लाडू केला, सोडला. तो चपटा होऊन बसला. दहा पावलांवर दुसरा. तोही बसला. त्यांनी तळहात पाहिला. काळा. मग मान वर करून वस्तीकडे पाहिले, आणि चुना कुठे गेला हे त्यांना कुणाला विचारावे लागले नाही.

रोलर सुरू झाला होता. तो एकदा फिरला की वर खडी पडणार, आणि जुलैपर्यंत कुणालाच काही कळणार नव्हते.

"गोविंदा, रोलर थांबव," त्या म्हणाल्या.

"काऊन?"

"माती निवली नाई."

"बाई, सायेबानं दिवसभर ठेवा म्हटलं, आपण दोन दिवस ठेवली. आता तिची काय वरात काढता?"

"पाह्य न हात लावून."

"मले काम करू द्या हो. लग्नात बनवा लाडू."

पुष्पाबाईंनी घमेले पालथे घातले आणि रोलरच्या वाटेत त्यावर बसल्या. शेजारी छाया नावाची त्यांची सोबतीण पाण्याचा पाइप धरून उभी होती. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "वहिनी, उठा. चुन्याचं निघालं तर सगळ्यांचं निघन. तुमची बी भिंत हाय."

"हाय न," पुष्पाबाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या. रोलरवाल्याने इंजिन बंद करून बिडी पेटवली.

अविनाश अकराला आला. त्याच्याकडे एक औषधाची बाटली असते. चुना असेल तिथे थेंब टाकला की गुलाबी होतो. त्याने मागच्या तुकड्यावर थेंब टाकला, गडद गुलाबी. पुष्पाबाईंच्या पायाशी टाकला, पाणी. वळण संपेपर्यंत सात ठिकाणी पाणी.

"पोती तर पूर्ण फोडली होती. चुना गेला कुठे?"

गोविंदाने आभाळाकडे पाहिले. छायाने पाइपकडे. किसनराव बांधावर उभे होते, त्यांनी आपल्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहिले.

"या सायेब," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्याला घरी घेऊन गेल्या.

स्वयंपाकघरात पायल भाकरी थापत होती. अविनाशने भिंतीकडे पाहिले, पुष्पाबाईंकडे पाहिले आणि बाटली काढली. भिंतीवर गुलाबी ओघळ आला.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"तवा नाई. सकाळी हातानं सांगतलं."

"मग गप्प का नाही राहिलात?"

"बस पायजे," पुष्पाबाई म्हणाल्या. पायलने भाकरी उलटली.

वस्तीने यानंतर जे केले त्याला कबुली म्हणता येणार नाही. कुणी डब्यातला उरलेला चुना आणून टाकला, कुणी बादलीतला. किसनरावांच्या ट्रॅक्टरमधून चार अख्खी पोती उतरली. ही पोती फोडलीच गेली नव्हती, म्हणजे ती कधी गेली हा वेगळाच प्रश्न होता. "उन्हात खराब होईन म्हनून आत ठेवली होती," ते म्हणाले. उरलेली गरज अविनाशने पुढच्या तुकड्याच्या पोत्यांतून भागवली. साठ मीटर पुन्हा उकरले, पुन्हा कालवले, पुन्हा झाकले. तिसऱ्या सकाळी अविनाशने बाटली काढण्याआधी पुष्पाबाईंकडे पाहिले. त्यांनी लाडू सोडला. भुगा झाला. मग त्याने थेंब टाकला.

गोविंदाने रोलरवाल्याला हात केला.

फायलीत या साठ मीटरांबद्दल दोन ओळी आहेत. 'अवकाळी पावसामुळे सदर लांबीत काम पुनश्च करण्यात आले. मिश्रणाची सक्षम तांत्रिक व्यक्तीमार्फत तपासणी केली असता ते समाधानकारक आढळले.' त्या आठवड्यात गावात पाऊस पडला नव्हता. पुष्पाबाईंचा प्रवर्ग हजेरीपटात आहे तोच आहे, कारण लाडू करणाऱ्यांसाठी दुसरा प्रवर्ग नाही.

जूनमध्ये माती फुगायच्या वेळी सहदेव रोज संध्याकाळी वळणापर्यंत जाऊन येत असे. काही विचारले तर म्हणे, "पाय मोकळे करून राह्यलो." जुलैत चार दिवस झड लागली. वळण जिथे होते तिथेच राहिले. आगाराचा माणूस मोटारसायकलवर येऊन पाहून गेला आणि फेरी सुरू झाली. देऊळगाव राजाला फोन करून सहदेवने बहिणीला कळवले की यंदा जमणार नाही.

फायलीत रस्त्यावरील वाहतूक अजूनही नगण्य आहे. बस सकाळी सहा पन्नासला येते आणि पायलला चिखलीपर्यंत उभे राहून जावे लागते.