अंगठा आणि एक बोट: प्लेनो ते मिसिसिपी

मी मूळचीच घाबरट. त्यात मागच्या वर्षी गाडीच्या दारात सापडून उजव्या हाताची मधली दोन बोटं आत वळली ती वळलीच, तेव्हापासून तर विचारूच नका. हात कायम जॅकेटच्या खिशात. इथे टेक्सासात, आमच्या प्लेनोतल्या भीमजयंतीला गिटारची साथ दरवर्षी माझी. यंदा मार्चमध्येच कार्यक्रम बसवणाऱ्या सुलभाकाकूंचा फोन आला. "अगं, यंदा मुलींना तयार ट्रॅकवरच गाऊ देऊ का? तुझ्या हाताला उगाच त्रास नको. विचार करून सांग." काकू मायेनंच बोलल्या. मला वाटलं, संपलं आपलं.

माझी सोळा वर्षांची लेक मैत्री. तिनं फोनवर एक वर्कशॉप शोधून काढलं. मिसिसिपीतलं छोटं गाव, विषय ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संगीतातल्या गिटारची पश्चिम आफ्रिकेतली मुळं. "स्प्रिंग ब्रेक आहे, आई. लेट्स जस्ट गो." मी नुसती श्रोता म्हणून नाव घातलं. म्हणजे वाजवायला नको आणि हात दाखवायलाही नको.

पहाटे निघालात तर दिवसभरात आरामात पोचता. टेक्सारकाना, लिटल रॉक, मग हायवे फॉर्टीनाइन धरून मिसिसिपी नदीवरचा हेलेनाचा पूल. लिटल रॉकलाच गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या. पुढे पंप आहेत, पण ते दिसेपर्यंत माझ्यासारखीचा जीव टांगणीला लागतो. पुलाच्या अलीकडे दोघींचे फोन एकदम किंचाळले. टॉर्नेडो वॉच.

"परत फिरू या का गं?"

"वॉच म्हणजे फक्त मे बी. अँड यू आर नॉट स्केअर्ड ऑफ द टॉर्नेडो, आई."

मी गाडी पुलावर घातली.

पुलापलीकडे कापसाची शेतं नांगरून पडली होती, नजर जाईल तिथवर. माझी आई यवतमाळकडे दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. इथे तर माणसंच विकत आणून वेचायला लावली. मला भडभडून आलं. वादळ काही आलं नाही, पण मोटेलच्या दाराची कडी ढिली निघाली, म्हणून मी आतून खुर्ची लावली. मैत्री हसत होती. खोली ऐंशी डॉलरच्या आत मिळते. आणि पंपावरचे टमाले खाच, मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच सालीत गुंडाळलेले, चांगले झणझणीत.

वर्कशॉप एका बंद पडलेल्या दुकानात होतं. शिकवणारा मूसा गाम्बियाचा. त्याच्या मांडीवर अकॉन्टिंग, म्हणजे भोपळ्याला कातडं ताणून, काठी खुपसून केलेलं तीन तारांचं वाद्य. तर्जनीचं नख तारेवर खाली मारायचं, लगेच अंगठ्यानं आखूड तार छेडायची. बस, एवढंच. मग त्यानं गिटार घेतली आणि तशाच, अंगठा नि एका बोटानं, ब्लूज वाजवला. हाताची ही सवय गुलामांबरोबर समुद्र ओलांडून आली, बॅन्जो या इथल्या तंतुवाद्यात शिरली आणि तिथून गिटारवर, असं तो म्हणाला. इथले कित्येक जुने वादकही दोनच बोटांनी वाजवायचे म्हणे.

मग एकेकाची पाळी. "बाकीची बोटं दुमडा," मूसा सांगत होता. लोकांची दुमडत होती, पुन्हा सुटत होती. पाळी माझ्याकडे सरकत आली तसा मी हात खिशात आणखी खोल खुपसला.

"मी फक्त ऐकायला आले आहे," मी म्हणाले.

"खिशात काय आहे?" त्यानं विचारलं.

मैत्रीकडे पाहिलं, तर ती जमिनीकडे बघत होती. मी हात बाहेर काढला. मूसानं तो नीट पाहिला. "सकाळपासून सगळ्यांना हेच तर सांगतोय," तो म्हणाला. "तुमची आधीच दुमडलेली आहेत." लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसताच रडले. मग त्याची गिटार मांडीवर घेतली. वाजलं मात्र भयंकर. "बोट चुकू द्या," तो म्हणाला, "अंगठा थांबवू नका."

घरी आल्यावर काकूंना फोन केला. "ट्रॅक नको. मी बसते."

"आणि हात?"

"जेवढा आहे तेवढा आणते."

भीती गेली असं समजू नका. दुकानात पैसे देताना अजून डावाच हात पुढे जातो. जयंतीच्या दिवशी दुसऱ्या कडव्यात माझं बोट चुकलं, डोकं पार रिकामं झालं. अंगठा तेवढा चालू ठेवला. मुलींबरोबर गाणाऱ्या मैत्रीनं माझ्याकडे बघत ती ओळ पुन्हा उचलली, मागून बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. त्या दिवशी मी मुद्दाम पांढरी साडी नेसले होते. साडीला खिसा नसतो.