मिलिंदचा समुद्र

मिलिंद केळसकर याचा मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी सकाळी, चेन्नईच्या दक्षिणेला एका कोळीवाड्याजवळ समुद्रात बुडून मृत्यू झाला. वय चौतीस. चेन्नईबाहेर, ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो अभियंता होता. त्याच्या मागे पत्नी गायत्री, दोन वर्षांची मुलगी सई, कोकणात आईवडील आणि थोरला भाऊ असा परिवार आहे. मृतदेह दुसऱ्या दिवशी उजाडताना, बराच उत्तरेला, मासेमारीला निघालेल्या होडीला मिळाला.

मला हे कळलं ते चेन्नईतल्या एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर, जिथे मी नोकरी करतो. फोन गायत्रीच्या वडिलांचा होता. आम्ही सगळे त्यांना राव सर म्हणतो. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. तंजावरकडचं मराठी घर, पण कित्येक पिढ्या तमिळ मुलखातच गेलेल्या. जावयाला ते तमिळ रीतीने माप्पिळ्ळै म्हणत. "माप्पिळ्ळै पाण्यांत गेला," ते म्हणाले. "परत आला नाही. तू ये."

मी निघायच्या आधीच वार्ताहराकडून ती बातमी डेस्कवर आली. चार ओळी. सहलीला गेलेला अभियंता बुडाला, शोध सुरू, पोलिसांनी नोंद केली, अधिक तपास चालू. मिलिंदचं आडनाव चुकीचं लिहिलेलं होतं. मी ते दुरुस्त केलं आणि बातमी पुढे सोडली. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं एवढंच काम.

आमची ओळख २००२ सालची. राव सरांच्या अण्णा नगरातल्या घराचा वरचा मजला आम्ही दोघांनी मिळून भाड्याने घेतला होता. दोघेही महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले, दोघांनाही तमिळ येत नव्हतं. खोलीत वस्तू कमी होत्या आणि त्यातल्या त्याच्या वस्तू लगेच ओळखू येत, कारण मिलिंद प्रत्येक गोष्टीची चौकोनी घडी घालायचा. टॉवेल, रुमाल, मी वाचून टाकलेलं वर्तमानपत्र, बसचं तिकीट, हॉटेलातलं केळीचं पान. पायमोज्यांचीसुद्धा घडी. मी हसलो की म्हणायचा, "तुझ्यासारखा बोळा करून जगायला वेळ लागत नाही, बातमीदार." मला तो नावाने क्वचितच हाक मारी. माझ्या कामावर त्याचा एक ठरलेला टोमणा होता. "तुमच्या बातमीची शेवटची ओळ कायम 'अधिक तपास चालू आहे'. कधी संपतो रे तुमचा तपास? एकदा तरी पुढचं छापा."

तो दापोली तालुक्यातल्या, समुद्राला लागून असलेल्या एका गावचा. वडिलांची नारळ-सुपारीची बाग होती आणि बागेचं कुंपण संपलं की पुळण सुरू. चेन्नईतल्या पहिल्याच रविवारी त्याने मला बेझंट नगरच्या किनाऱ्यावर नेलं. पाण्याकडे तोंड करून उभा राहिला, मग मागे वळून मावळत्या सूर्याकडे पाहिलं. "आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून उगवतो," तो म्हणाला. "बाकी समुद्र तोच." आजूबाजूची कुटुंबं पाण्याच्या कडेला उभी होती. बायका साड्या जरा उचलून, पुरुष लुंगीसारखी वेष्टी दुमडून. लाट यायची, पावलं भिजायची, सगळे ओरडत मागे पळायचे. याच्या पुढे कोणी जात नव्हतं. मिलिंदला याचं फार हसू यायचं. "हे लोक समुद्रावर पाय धुवायला येतात," तो म्हणे. हे त्याने पुढे राव सरांसमोरही म्हटलं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आम्ही इथेच राहतो, माप्पिळ्ळै. का धुतो ते आम्हाला ठाऊक."

तोवर तो त्यांचा जावई झालेला होता. खालच्या मजल्यावरून मराठी ऐकू येतं, पण ते आपलं नव्हे, हा शोध त्याने पहिल्याच आठवड्यात लावला होता. गायत्री तेव्हा शाळेत नुकतीच नोकरीला लागली होती. तो तिच्या मराठीला पोथीतलं मराठी म्हणायचा. ती म्हणायची, "आमचं जुनं आहे. तुमचं बिघडलंय." दोन वर्षं जिन्यावर हेच भांडण चाललं आणि मग लग्न झालं. मी त्याच गल्लीत दुसरी खोली घेतली. सई जन्मली तेव्हा इस्पितळात राव सर आणि मी दोघेच होतो. मिलिंद ओरगडमहून येताना वाटेत अडकला होता. तिला त्याने पहिल्यांदा हातात घेतलं ते दुपट्याची घडी नीट करूनच.

या मे महिन्यात कारखाना देखभालीसाठी बंद होता. सई झाल्यापासून तिघांनी अशी सुट्टी घेतली नव्हती. आधी डोंगर, मग समुद्र, असं ठरलं. डोंगरावरच्या मुरुगनच्या देवळात सईचं जावळ काढायचं, तिथून येरकाडला थंडीत राहायचं आणि येताना चेन्नईच्या अलीकडे समुद्रकाठी मुक्काम करायचा. जावळासाठी राव सरही गेले होते. गायत्रीला भाऊ नाही, म्हणून मामाच्या मांडीचा मान त्यांनीच घेतला. वस्तरा फिरला, सई आकांताने रडली, तुळतुळीत डोक्याला चंदनाचा लेप लावला आणि ती आरशात बघून गप्प झाली. सर तिथूनच परतले. येरकाडला गार वाऱ्यात उघडं डोकं नको म्हणून मिलिंदने तिला रस्त्यावरच्या दुकानातून एक लाल लोकरी टोपी घेऊन दिली. वर गोंडा असलेली. सईने ती काढू द्यायला साफ नकार दिला. झोपेत काढली तर उठल्यावर पहिली हाक टोपीला. डोंगर उतरून खाली उकाड्यात आल्यावरसुद्धा.

शुक्रवारी संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. मागे लाटांचा आवाज होता. "चेन्नईत मे महिन्यात लोकरी टोपी घालणारी माझी मुलगी एकटीच असेल," तो म्हणाला. "घे, बोल तिच्याशी." सई म्हणाली, "पाणी!" तिच्याजवळ तेव्हा मोजके शब्द होते आणि त्यांतला हा सगळ्यात कामाचा. तहान, नळ, पाऊस, आंघोळ, समुद्र, सगळ्याला पाणी.

मी विचारलं, राव सर काय म्हणाले?

"काय म्हणणार? कालपासून तीनदा फोन. पाण्यांत उतरू नको, इथला समुद्र वेगळा. अरे, उद्या अष्टमी आहे. भांग. पाणी मरगळलेलं असणार. पोरीचे पाय बुडवून आणतो, बस."

भांग म्हणजे काय ते किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी सांगायला हवं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तो भांग. कोकण किनाऱ्यावरची लहान मुलंही तिथीवरून पाण्याची वेळ सांगतात. आमच्या खोलीत घड्याळ नव्हतं तेव्हाही भिंतीवर मिलिंदचं पंचांगाचं कॅलेंडर होतं.

शनिवारी सकाळचं गायत्री जे सांगते ते असं. तिने ते पोलिसांना, वडिलांना, दिराला आणि मला सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी ते सारखंच आहे. मिलिंद सईला घेऊन वाळूवर गेला. गायत्री खोलीत भात कालवत होती. थोड्या वेळाने ती व्हरांड्यात आली. सई पाण्यापासून दूर, कोरड्या वाळूत बसलेली होती, उघड्या डोक्याने. ऊन चढत होतं. मिलिंद तिच्या आणि पाण्याच्या मध्ये उभा होता. गायत्रीने ओरडून विचारलं, "अहो, टोपी कुठे तिची?" त्याने वळून पाहिलं, हात उंच करून दाखवला आणि काहीतरी बोलला. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. त्याचे शब्द तिच्यापर्यंत पोचले नाहीत. हात समुद्राच्या बाजूला होता असं तिला वाटलं. टोपी वाऱ्याने पाण्यात गेली, असा अर्थ तिने लावला. ती सईच्या डोक्याला बांधायला पंचा आणायला आत गेली. परत आली तेव्हा सई तिथेच बसलेली होती. मिलिंद नव्हता.

जाळं दुरुस्त करणाऱ्या एका कोळ्याने त्याला कमरेइतक्या पाण्यात पाहिलं होतं. पुन्हा मान वर केली तेव्हा पाहिलं नाही. त्याने हाका मारल्या, दोघे-तिघे धावले, होडी लोटली. पोलिसांच्या पंचनाम्यात 'आंघोळीसाठी उतरले असता' असं आहे. गायत्रीचं म्हणणं, त्याने शर्ट काढला नव्हता, चष्माही काढला नव्हता. असा माणूस आंघोळीला उतरत नाही. चष्मा मिळालेला नाही. सगळ्यात जवळून ज्याने पाहिलं ते माणूस दोन वर्षांचं होतं. तिला कोणी विचारलं नाही, पण ती आपणहून सांगत राहिली. "बाबा, पाणी." त्याचा अर्थ कोणाला लावता येईना.

मिलिंदचा भाऊ, दादा, रविवारी रात्री पोचला. अंत्यसंस्कार सोमवारी झाले. त्यानंतर त्याने मला ती जागा दाखव म्हटलं. राव सरही आले. दादा पाण्याच्या कडेला गेला, चपला काढल्या, दोन पावलं पुढे टाकली आणि तिसऱ्याला थांबला. लाट परतताना त्याच्या पायाखालची वाळू सरकत होती. "ही उतरण आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे गुडघाभर पाण्यात चालत राहिलास तरी गुडघाभरच राहतं रे..." मग त्याने त्या कोळ्याला विचारलं आणि सरांनी तमिळमध्ये समजावलं, अष्टमीला इथे पाणी कमी असतं ना? कोळी म्हणाला, इथे तिथीवर कोणी पाण्यात उतरत नाही. भरती-ओहोटी असून नसल्यासारखी. इथे लाट आणि ओढ बघायची. त्या दिवशी ओढ होती. दादा पाण्यातून मागे आला. राव सरांनी त्याचा हात धरला होता. अस्थी या समुद्रात सोडायच्या नाहीत, असं त्याने तिथेच सांगितलं. तो त्या गावी घेऊन गेला.

गायत्री सईला घेऊन वडिलांकडे, खालच्या मजल्यावर, राहायला आली. तेरावा झाला, पाहुणे गेले. मी संध्याकाळी कामाआधी जाऊन बसत असे. करण्यासारखं काही नव्हतं. गायत्री फार रडत नसे. ती एकच गोष्ट विचारी, मला, वडिलांना, फोनवर सासूला.

"अण्णा, मी टोपी विचारली म्हणून गेले का ते?"

अण्णा म्हणजे मी. मी म्हणायचो, तसं निश्चित सांगता येणार नाही. राव सर तिला तमिळ लाडाच्या हाकेने म्हणायचे, "नाही गं, कण्णा, नाही." ती त्यांना म्हणायची, "तुम्ही नव्हता तिथे." हे खरं होतं. मग ती सईकडे बघायची. "ही मोठी झाली की कोणीतरी सांगेल हिला. तुझ्या टोपीसाठी तुझे बाबा गेले म्हणून. कोणीतरी सांगतंच." एकदा तिने मला विचारलं, "तुमच्या बातमीत टोपी होती?" नव्हती, असं मी सांगितलं. "मग अजून कोणाला माहीत नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "पण मला माहीत आहे."

सईचे केस या काळात बोटाच्या पेराएवढे वाढले. राव सरांनी तिला दुसरी टोपी आणून दिली, सुती, निळी. तिने ती फेकून दिली.

सहलीची बॅग आल्यापासून सरांच्या पलंगाखाली होती. मुक्कामाच्या ठिकाणच्या बाईने सामान भरून कोळीवाड्यातल्या रिक्षावाल्याबरोबर पाठवलं होतं. तिने फक्त बाहेर पडलेलं सामान मधल्या कप्प्यात भरलं. तिच्या सांगण्यानुसार बाकीच्या चेनांना तिने हात लावला नाही. गायत्रीने बॅग उघडू दिली नाही. आषाढ लागल्यानंतर एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा सई दुधासाठी हटून बसली होती. नवी बाटली तिला नको होती. तिची पिवळ्या झाकणाची जुनी बाटली बॅगेत होती.

"अण्णा, तुम्ही काढा," गायत्री म्हणाली. "माझ्याने नाही होणार." ती सईला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. राव सरांनी बॅग ओढून दिव्याखाली आणली.

बाटली बाहेरच्या बाजूच्या कप्प्यात होती. चेन पूर्ण लावलेली होती. बाटलीखाली मिलिंदचा एक रुमाल होता, चौकोनी घडीचा. रुमालाखाली लाल लोकरी टोपी होती. तिचीही चौकोनी घडी घातलेली होती, गोंडा आत दुमडून. सरांनी ती दिव्याजवळ धरून उलगडली. आतून चंदनाचा पिवळट डाग होता. वाळू नव्हती. टोपी कोरडी होती.