कुणी पाह्यलं?

त्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको पत्र्याच्या सावलीत तूरडाळ निवडत बसलो होतो. मेसच्या चाळीस पोरींच्या वरणाची डाळ. मिलमधून साफ होऊन येते, तरी एखादा खडा राहतोच. माझ्या ताटातून सुटलेला खडा तिनं नखानं उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"हा कुणाच्या दाताखाली जाणार होता?"

"डोळे गेले माझे," मी म्हणालो.

"डोळे हायत. तुम्ही बघत न्हाई."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. एका माणसाला खांबाला बांधून मारत होते. गाव कुठलं, भाषा कुठली, काही कळत नव्हतं. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि कुणीतरी हसत होतं. खालचा मजकूर मी अक्षराला अक्षर लावून वाचला. टोळी आली आहे, मोबाईलमध्ये पोरीचा फोटो दाखवून पत्ता विचारतात, पोरी पळवतात, सगळ्यांना पाठवा. मी अंगठ्यानं तीन ग्रुपवर पाठवून दिला.

"काय हाय?" तिनं डाळीतून मान वर न करता विचारलं. मी सांगितलं.

"कुणी पाह्यलं?"

"अगं, वर दोन बाण हायत. लई जणांनी पाठवलंय."

"लई जणांनी पाठवलंय म्हंजे एकानंबी पाह्यलं न्हाई. पुसून टाका ते. कुणाला धाडलं तर न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो.

ती डाळ घेऊन आत गेली. तिच्याशी मी बोललेला शेवटचा शब्द हा. तोही खोटा.

दोन बाणांचं सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. तहसीलच्या कागदावर एक शिक्का असला की तो कच्चा आणि दोन असले की पक्का, असं मी जन्मभर धरून चाललो. मोबाईलवर दोन बाण दिसले की मला तो दुहेरी शिक्का वाटायचा. कुणीतरी मोठ्या माणसानं तपासून पुढं पाठवलं, असं समजायचो. मी दुसरी शिकलेला. ती चौथी. दोन इयत्तांचा फरक होता, पण तो मला तिच्या हयातीत भरून काढता आला नाही.

पोरी तिला फौजदार मावशी म्हणायच्या. तिच्यामागं मीही फौजदारीण म्हणायचो. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लास लावायला आलेल्या पोरींची आमची मेस. नांदेडकडच्या, बीडकडच्या, सीमेपलीकडच्या. कुणी काही सांगितलं की हिचा पहिला सवाल ठरलेला. "मावशी, पेपर फुटलाय म्हणं!" "कुणी पाह्यलं?" "मावशी, अमुक क्लासच्या पोरीनं फाशी घेतली, ग्रुपवर आलंय!" "कुणी पाह्यलं? तिच्या आईला फोन लावला का कुणी?" ती पोरगी त्याच वेळी दुसऱ्या मेसमध्ये जेवत होती. पोरी हसायच्या. तिचा हात भाकरी थापत राहायचा. ती हसायची नाही.

ती का हसायची नाही, ते गल्लीत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

भूकंपाच्या आधी आमचं गाव किल्लारीच्या अंगाला होतं. मातीच्या भिंती, वर दगड. घर पडलं तेव्हा आम्ही दोघं दाराजवळ निजलेलो म्हणून वाचलो. लेक आत होती. सहा वर्षांची. उजाडल्यावर ढिगाऱ्याखालून तिचा आवाज येत होता. "आई, पाणी दे," एवढंच म्हणायची. आम्ही आठ-दहा माणसं दगड उपसत होतो. हातभर राहिलं असेल. आजूबाजूला मुडदे नुसते ओढून ठेवलेले, कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडत आला, "तळं फुटलं! पाणी आलं! पळा!"

सगळे पळाले. मीही पळालो. माळावर जाऊन उभा राहिलो. मागं वळून पाहिलं तर ती एकटी दगड ओढत होती. पाणी काही येईना. अर्ध्या-पाऊण तासानं आम्ही शरमेनं परत आलो. तिच्या बोटांची नखं निघाली होती. लेकीचा आवाज थांबला होता.

तळं जागच्या जागी होतं. ती मला एकच बोलली, "कुणी पाह्यलं होतं तळं?" त्यानंतर ती तो सवाल साऱ्या जगाला विचारत राहिली. पण मला कायम वाटायचं, की विचारते जगाला आणि ऐकवते मला.

भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमधून आम्ही लातूरला आलो. क्लासेस वाढत गेले तशी आमची मेस वाढली. पुढं पोरींच्या हातात मोबाईल आले आणि तिच्या फौजदारीला नवा मुलूख मिळाला. एकदा एक पोरगी गच्चीच्या कठड्यावर चढून नाचत होती. खाली तीन मजले. मैत्रीण रील काढत होती. फौजदारीण मागून गेली, वेणीला धरून पोरीला खाली ओढलं आणि अशी थोबाडीत दिली, की पाच बोटं उमटली.

"मावशी, ट्रेंड आहे तो!" पोरगी रडत म्हणाली.

"ज्या भिंतीवर तू नाचून राहिलीस ना, ती पडल्यावर खाली काय दिसतं ते मी पाह्यलंय. तुझ्या त्या ट्रेंडनं पाह्यलंय का?"

संध्याकाळी तिच्या गालाला तूप हिनंच लावलं.

दुसरी एक पोरगी अर्धी भाकर ताटात टाकायला लागली. चार दिवस हिनं पाहिलं, पाचव्या दिवशी भांडी घासायच्या जागी तिला धरलं. कुणा अनोळखी पोरानं तिचं तोंड एका उघड्या बाईच्या फोटोला जोडून तिलाच पाठवलं होतं. सांगेन ते कर, नाहीतर गावभर पाठवतो. पोरगी म्हणाली, मावशी, मी सगळं डिलीट करते आणि मरते.

"मरायचं न्हाई अन् पुसायचंबी न्हाई," फौजदारीण म्हणाली. "अफवा पुसायची. पुरावा ठेवायचा. कळलं का?" तिनं त्या पोराला आवाजाचा निरोप धाडला. मी तिथंच उभा होतो. "मी हिची मावशी बोलते. धाड तो फोटो गावभर. लेकीला उघडं कुणी केलं ते आधी तुझ्या आईला दाखव. मी पोलिसाकडं निघाले." आणि खरंच निघाली, पिठाच्या हातानं, पोरीला घेऊन. तो पोरगा सापडला. ती पोरगी आता नर्स आहे.

बँकेतून बोलतोय म्हणून फोन यायचे, आकडा सांगा म्हणायचे. ती म्हणायची, "तू मला पाह्यलंस का? मी तुला पाह्यलं का? मग कशाचा आकडा? ये मेसला, भाकर खा, मग बोलू." समोरचा फोन ठेवायचा. मला मात्र तिनं मोबाईलच्या बाबतीत कधी शहाणं केलं नाही. सही तेवढी शिकवली. आधी मी अंगठा लावायचो. पाटीवर रेघ मारून द्यायची, म्हणायची, "अक्षरं रेघेवर बसली पाहिजेत. माणसं बसतात तशी."

आता त्या दिवशीचं.

चार वाजता क्लास सुटायच्या वेळेला मी चौकातल्या ओट्यावर बसलो होतो. "सापडला! सापडला!" असा गलका झाला. डीपीच्या खांबापाशी माणसं धावली. मीही धावलो. पन्नाशीचा एक माणूस, पांढरा शर्ट, काखेत पिशवी, हातात मोबाईल आणि मोबाईलवर एका पोरीचा फोटो. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना तो फोटो दाखवून काहीतरी विचारत होता. सकाळच्या व्हिडिओत लिहिलं होतं अगदी तसं. सगळ्यांनी तो पाहिला होता. मीच पाठवला होता.

पहिली लाथ कुणी घातली माहीत नाही. तो खाली पडला. "मा पिल्ला, मा पिल्ला," असं हात जोडून म्हणत होता.

"पिल्लं म्हणतोय! पिल्लं पळवायला आलोय म्हणतोय! कबूल झाला!" कुणीतरी ओरडलं.

मग काही राहिलं नाही. त्याचे दात पडले. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. पिशवीतला डबा उघडला, घरी तळलेल्या चकल्या रस्त्यावर सांडल्या आणि पायांखाली त्यांचा भुगा झाला. मी पायातली चप्पल काढली. एक त्याच्या पाठीवर मारली, एक कानावर. का मारली? सगळे मारत होते. दुसरं कारण मला शोधूनही सापडलं नाही.

फौजदारीण पिठाच्या हातानं आली. कोपरांनी माणसं बाजूला सारत आत घुसली आणि त्याच्यापुढं आडवी उभी राहिली.

"कुणी पाह्यलं? ह्यानं पोरगी पळवली ते कुणी पाह्यलं? हात वर करा!"

"मावशी, सरका, व्हिडिओ हाय!"

"व्हिडिओत हाच हाय का? तोंड बघितलंस का रे तू?"

पुढची माणसं थबकली. तिनं त्या माणसाच्या हातातला मोबाईल घेतला, पाहिलं आणि किंचाळली. "अरे, पिल्ला म्हंजे लेक, मेल्यांनो! माझं माहेर देगलूरचं हाय, मला कळती तेलगू. लेक शोधून राहिला तो! ही माझ्याच मेसला जेवती, माझीच मेस शोधून राहिला!"

पुढच्यांना ऐकू गेलं. मागच्यांना गेलं नाही. त्याला उठवायला ती वाकली, तेवढ्यात मागून विटेचा तुकडा आला. तिच्या कानाच्या वर बसला. ती पडली नाही, खाली बसली, डाळ निवडायला बसायची तशी. रक्त पदरात गळायला लागलं. तिनं वर पाहिलं. मी समोर होतो. तिनं माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या हाताकडं पाहिलं. चप्पल अजून हातातच होती.

तो सवाल तिनं केला नाही. मला तिला हाकही मारता आली नाही.

तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दिवेलागणीच्या आत ती गेली.

मारताना चाळीस तरी मोबाईल वर होते, मी पाहिले. दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदारानं गल्लीतल्या माणसांना विचारलं, "कुणी पाह्यलं?" एक दूध आणायला गेला होता. एक पोराला घ्यायला गेला होता. एकाचा मोबाईल चार्जिंगला होता. व्हिडिओ सगळ्यांनी पुसून टाकले होते. हवालदार माझ्याकडं वळला. "बाबा, तुम्ही?"

"गर्दी होती, साहेब," मी म्हणालो आणि खाली पाहिलं.

आतल्या खाटेवर तो बाप होता, हात प्लास्टरमध्ये, तोंड सुजलेलं. त्याची पोरगी उशाशी बसून पाणी पाजत होती. मला पाहून त्यानं एक चांगला हात कपाळाला लावला. "अम्मा?" एवढंच विचारलं. मी अम्माचा नवरा, एवढंच त्याला माहीत होतं. कानावरची चप्पल कुणाची, ते त्यानं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोकरहून तिचा धाकटा भाऊ आला. तिकडं मास्तर आहे. मयत दुपारपर्यंत मिळणार नव्हती. त्यानं मला चहा दिला, माझा मोबाईल पाहिला आणि दार लोटून हळूच म्हणाला, "दाजी, तो मेसेज पुसून टाका. तुमच्यावरबी केस होईल. अक्का तर गेली."

त्याचं चुकलं असं नाही. तोही मला माळावरच बोलवत होता. तिथं मी एकदा जाऊन आलो होतो.

मी चहा खाली ठेवला. चपला एका पिशवीत घातल्या, मोबाईल वरच्या खिशात ठेवला आणि अनवाणी ठाण्यापर्यंत चालत गेलो. कालचाच हवालदार होता. टेबलावर मी चपला काढून ठेवल्या, शेजारी मोबाईल ठेवला.

"हे काय, बाबा?"

"पुरावा हाय. पुसला न्हाई. लिहून घ्या."

"काय लिहू?"

"मी पाठवलं ते लिहा. पाठवताना मी काहीच पाह्यलं नव्हतं. मारलं तेबी लिहा. ते सगळं मी पाह्यलं. माझ्या अंगाला अंग लागून कोण कोण होतं, तेबी सांगतो. नावं लिहा."

त्याला लिहायला तासभर लागला. मग त्यानं शाईचा डबा माझ्यापुढं सरकवला. मी तो बाजूला केला, पेन मागून घेतलं आणि सही केली. अक्षरं रेघेवर बसवली.