जादा गडी

मॅट्रिक होईपर्यंत सोलापुरात माझी ओळख एवढीच होती की हा घोटा धरतो. हुतूतूत चढाईला आलेला गडी मधल्या रेघेकडे परत वळला की मी खाली बसून त्याचा घोटा दोन्ही हातांनी आवळत असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. त्यांना खेळाचं कौतुक नव्हतं, पण सात रस्त्याच्या चौकातून येताना कुणी थांबवून "तुमचाच ना तो मुलगा?" असं विचारलं की त्या दिवशी घरी ते जरा मोकळेपणानं बोलत.

पुण्याला कॉलेजात जाण्याआधीचा माझा शेवटचा सामना पूर्व भागातल्या विणकरांच्या पोरांशी होता. त्यांचा सगळ्यात चपळ गडी माझ्या वयाचा. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, मग तो वडिलांच्या हातमागावर बसला. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत बडबड्या. तो चढाईला आला, एकाला शिवला, वळला, आणि मी त्याचा घोटा धरला त्याच क्षणी त्यानं उडी मारली. वरचं अंग पुढं गेलं, पाय माझ्या हातात राहिला. सुपारी फुटावी तसा लहानसा आवाज झाला. तो मला ऐकू आला. बाकी कुणाला आला की नाही, मला माहीत नाही. तो ओरडला नाही. मातीत पडल्या पडल्याही तो हुतूतू हुतूतू म्हणतच होता, आणि रेघेकडे हात लांबवत होता. दम संपला तेव्हा मग तो किंचाळला.

त्याला बाजेवर घालून नेलं. गुडघा गेला होता. अण्णा म्हणाले, "जाऊन भेटून ये." मी म्हणालो, उद्या जातो. असे दहा-बारा उद्या गेले आणि मी पुण्याच्या गाडीत बसलो.

कॉलेज मोठं होतं. संघात मुंबईची, नाशिकची, पुण्यातल्या आखाड्यांतली मुलं. माझं नाव कुणीतरी सांगितलेलं असल्यामुळे मला घेतलं, पण जादा गडी म्हणून. आमच्या वेळी कुणी दुखावला तरच जादा गडी आत जायचा. मी रेघेबाहेर बसून राही. आमचा कुणी आपटला की तो उठून अंगावरची माती झटकेपर्यंत माझी नजर त्याच्यावरून हलत नसे. इतर जादा गडी कुणी पडलं की पुढं सरकून बसत. मी मागं सरकत असे. हे कुणाच्या लक्षात येईल, याचीही भीती वाटे.

सरावात मी कमरेला मिठी घालत असे. कप्तान एकदा म्हणाला, "सोलापूरकर, तुम्हाला घोट्यासाठी घेतलंय. घोटा का धरत नाही?"

"सवय सुटली," मी म्हणालो.

पहिल्या वर्षी मी मैदानात उतरलो तो दोनदा, आणि दोन्ही वेळा सामना संपत आला होता. माझ्याकडे चढाई आलीच नाही. घरच्या पत्रात मी लिहिलं, "संघात आहे." ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सोलापूरच्या एका मंडळानं आमच्या संघाला सामन्यासाठी बोलावलं. बाकीची मुलं गाडीत गाणी म्हणत होती. कुर्डुवाडी मागं पडली, सोलापूर जवळ आलं. आजारी असल्याचं सांगावं असा विचार मी करत होतो, पण स्टेशनवर अण्णा उभे होते. त्यांनी नवी टोपी घातली होती.

मैदानावर अण्णा कचेरीतल्या दोघांना घेऊन पुढंच बसले. मी समोरच्या बाजूला नजर टाकली आणि लगेच वळवली. तो तिथं होता. जमिनीवर बसलेला, एक पाय सरळ लांब केलेला, बाजूला काठी. त्याच्याभोवती पाचसहा विणकर होते आणि तो त्यांना हातानं मला दाखवत होता.

सामना अटीतटीचा चालला. उत्तरार्धात आमच्या एका गड्याचा खांदा उतरला. तो उठेल म्हणून मी वाट पाहिली. तो उठला नाही.

"चला," कप्तान माझ्याकडे बघून म्हणाला.

मी आत गेलो. "आपला हाय रे!" असं कुणीतरी ओरडलं. समोरून चढाई आली. सडपातळ मुलगा, चांगला दम. तो डावीकडे गेला, फसवून उजवीकडे आला, आणि त्याचा घोटा माझ्यापुढं वीतभर अंतरावर येऊन थांबला. मला तो अजून दिसतो, मातीनं लाल झालेला, हाड वर आलेलं. मी खाली बसलो होतो. हात पुढं जाईनात. त्यानं माझ्या डोक्याला टपली मारली आणि रेघ ओलांडून गेला.

मी बाद झालो. सामना संपेपर्यंत माझा नंबर परत आला नाही. आम्ही जिंकलो, त्याचं मला काही वाटलं नाही.

अण्णा जवळ आले. "दमलास का?" एवढंच विचारलं, आणि कचेरीतल्या लोकांबरोबर निघून गेले.

मग काठीचा आवाज आला. मी मान वर केली नाही.

"का सोडलास रे त्याला?" तो म्हणाला. "हातात आला हुता की!"

मी गुडघ्यांवरची माती झटकू लागलो.

"अरे, मी समद्यांला सांगत असतो, माझा पाय मोडणारा पुण्याच्या संघात हाय म्हणून. लई मोठा गडी हाय म्हणून. आज घिऊन आलो त्यांला बघायला. आता काय सांगू? ह्या असल्यानं मोडला?"

तो खरोखर चिडला होता. मला शिव्या अपेक्षित होत्या, पण या कारणासाठी नव्हे. मी म्हणालो, "मला भीती वाटली. तुझ्यासारखं होईल त्याला म्हणून."

"हुईल बी," तो म्हणाला. "मग? खेळूच नगंस की."

दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी मी त्याच्या घरी गेलो. दोन वर्षं उशिरा. माग खड्ड्यात बसवलेला, पावड्या पायांनी दाबायच्या. तिथं आता त्याचा धाकटा भाऊ बसला होता. तो स्वतः दारात कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरत होता, जे काम त्यांच्या घरात बायका करत. त्याच्या आईनं मला ओळखलं. ती तेलुगूत काहीतरी बोलली, बराच वेळ, माझ्याकडे न बघता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"जेवून जा म्हंती," तो म्हणाला.

तेवढंच ती बोलली असेल असं मला वाटलं नाही. पण मी बसलो आणि जेवलो. तिनं दुसऱ्यांदा भात वाढला.

पुढच्या वर्षी एका सामन्यात मला थोडा वेळ मिळाला. चढाई आली, आणि मी घोटा धरला. तो मुलगा आपटला. सगळे ओरडत होते आणि मी त्याच्या पायाकडे बघत राहिलो. तो उठला, चालत रेघेपलीकडे गेला, लंगडत नव्हता. तो खाली बसेपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही. कप्तानानं हाक मारली तेव्हा पुढची चढाई माझ्या अंगावर आली होती.

मी सोलापूरला कार्ड टाकलं: "एक धरला."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. वाकडंतिकडं चौथीतलं अक्षर. "एकच?"

त्यानंतर बी.ए.ची परीक्षा होईपर्यंत मला मैदानात उतरायला मिळालं नाही.